चवीपुरता चुना

नागपूर देशाच्या मधोमध आहे असं आम्ही पाहुण्यांना सांगतो आणि पुरावा म्हणून झीरो माइलचा खांब अन् त्याच्या शेजारचे घोडे दाखवतो. पाहुणा चार दिवस राहिला की त्याच्या ध्यानात येतं, नकाशातली जागा सोडली तर या गावात मध्यम असं काही नाही. मे महिन्यात पारा ४५च्या खाली राहिला तर आम्ही ‘यंदा उन्हाळा जाणवलाच नाही’ म्हणतो. सावजीचा रस्सा खाऊन पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर यजमानाच्या डोळ्यांत येतं. पंगतीत ‘पुरे’ हा शब्द वाढप्याला ऐकू येत नाही. आणि अशा या गावाचा सगळा संसार एका अशा दगडाच्या जिवावर चाललेला आहे, की ‘किती?’ या प्रश्नाचं उत्तर जरा चुकलं तर कुठे तोंड पोळतं, कुठे भिंतीचे पोपडे निघतात, तर कुठे संत्र्याचं झाड पिवळं पडतं. चुनखडी हे त्या दगडाचं नाव. अतिरेकाच्या गावी हा प्रमाणाचा दगड कसा नांदत असेल, हे मला बरेच दिवस कोडं होतं.

तशी दगडांविषयी अज्ञान दाखवायची सोय नागपूरकराला नाही. देशभरातल्या खाणींवर नजर ठेवणारा भारतीय खाण ब्यूरो १ मार्च १९४८ रोजी स्थापन झाला. त्याचं मुख्यालय आमच्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सवर, खनिजं शोधणारं एमईसीएल तिथेच, मँगनीजवाली मॉइल काटोल रोडला, कोळशाची वेकोलि पुन्हा सिव्हिल लाइन्सला. परिणाम असा, की पश्चिम नागपुरात सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींत निवृत्त भूवैज्ञानिक बरेच निघतात. ओळखायची खूण सोपी आहे. बाकीचे लोक समोर नाहीतर मोबाइलमध्ये बघत चालतात, हे खाली बघत चालतात. कुणाचे पैसे पडले म्हणून मदतीला वाकावं, तर ते फूटपाथचा दगड न्याहाळत असतात.

आमच्या ले-आउटमधले काकाजी याच पंथाचे. नोकरीत होते तेव्हा त्यांच्या खिशात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपरवाली बाटली असायची. निवृत्तीनंतर पँटींच्या खिशांना भोकं पडू लागली तेव्हा काकूंनी ती जप्त केली. तेव्हापासून काकाजी लिंबावर भागवतात. दिवाळीच्या सकाळी फराळाला आले तेच हातात अर्धं लिंबू घेऊन. दाराशी सुनेने रांगोळीचा मोर काढला होता. काकाजी उकिडवे बसले, मोराचा एक पाय धोक्यात येईल असं लिंबू पिळलं आणि म्हणाले, ‘ऐका.’ आम्ही सगळे वाकलो. पांढऱ्या भुकटीवर राईच्या दाण्याहून बारीक बुडबुडे उठत होते, आणि कान अगदी जवळ नेला तर बारीक चर्र असा आवाजही होता. ‘बोलला!’ काकाजी खूश झाले. रांगोळी संगमरवराच्या भुकटीची होती. संगमरवर म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेत अन् दाबात सापडून उजळलेली चुनखडीच. आम्ल पडलं की दोघांच्याही पोटातला कार्बन डायऑक्साइड फसफसून बाहेर येतो. मग त्यांनी नातीच्या दप्तरातला खडू मागून घेतला आणि त्याच्यावर लिंबू पिळलं. खडू गप्प. ‘हा खडू नाही, जिप्सम आहे,’ काकाजींनी निकाल दिला. शाळांमधले बहुतेक खडू हल्ली जिप्समचेच असतात म्हणे. ज्याने जन्मभर फळ्यावर खरं-खोटं लिहून दाखवलं, तो स्वतः तोतया निघाल्याचं नातीला फार वाईट वाटलं. सुनेला मोराच्या पायाचं.

दगडांच्या जगातल्या मानपानावर काकाजींचा राग आहे. काठिण्याच्या मोजपट्टीवर हिऱ्याला दहापैकी दहा, गारेला सात. चुनखडी ज्या कॅल्साइटची बनते त्याला तीन. आपलं नख अडीचवर. म्हणजे हा दगड नखापेक्षा अर्ध्या गुणाने पुढे, आणि साध्या चाकूचा ओरखडा त्याच्यावर उमटतो. पास व्हायला पस्तीस टक्के लागत असतील तर हा काठावरही नाही. पण काकाजी म्हणतात, हिरा काय करतो? चमकतो. बेसॉल्ट काय करतो? पडून राहतो. स्वतःला बदलून घ्यायला जो तयार असतो त्यालाच जगात काम मिळतं. भाजा, भिजवा, दळा, विरघळवा, चुनखडी कशालाच नाही म्हणत नाही. फक्त हिशेब चोख ठेवते.

हिशेब म्हणजे किती चोख? शुद्ध चुनखडीच्या शंभर भागांत वजनाने चाळीस भाग कॅल्शियम, बारा भाग कार्बन आणि अठ्ठेचाळीस भाग ऑक्सिजन. टक्केवारी काढायला कागदसुद्धा लागत नाही. भट्टीत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की १०० किलोतले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात आणि ५६ किलो कळीचा चुना हाती राहतो. त्याच्यावर पाणी ओतलं की तो तापतो, फुटतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीला लागला, सुकला, की तो हवेतून आपला गेलेला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेऊ लागतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत सोडलेलं सगळं भिंतीवर वसूल. महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती अशीच कित्येक वर्षं वसुली करत उभ्या आहेत. त्या काळी बैलांच्या घाण्यात चुना घोटत, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी घालत. विरवलेला चुना जितका मुरेल तितका चांगला, हे गवंड्यांना ठाऊक होतं. घाईचं बांधकाम चुन्याला मानवत नाही. कदाचित म्हणूनच त्याचा जमाना गेला.

नागपूरच्या चुनखडीच्या घराण्यातलं एक नाव परदेशी पुस्तकांत चढलं, ते एका पाद्र्यामुळे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आला. गावोगाव धर्माचं बोलत फिरायचा आणि येताना दगड घेऊन यायचा. श्रोते किती मिळाले कोण जाणे, जीवाश्म भरपूर मिळाले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत त्याने लिहिलेला नागपूर परिसरातल्या भूविज्ञानावरचा आणि जीवाश्मांवरचा निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. शहराने पुढे पोटात घेतलेल्या टाकळीत सापडलेला गवतासारखा हिरवागार कॅल्साइट डब्लिनच्या सॅम्युअल हॉटन या प्राध्यापकाकडे पोचला. त्याने १८५९ मध्ये त्याचं नाव ठेवलं ‘हिस्लोपाइट’. हिरवेपणा ग्लॉकोनाइट नावाच्या खनिजाच्या मिसळीचा होता, त्यामुळे स्वतंत्र खनिज म्हणून त्याची गादी काही टिकली नाही. पण कॅल्साइटचा एक प्रकार म्हणून नाव राहिलं. हा हॉटनही मोठा हिशेबी माणूस. फाशी जाणाऱ्याचे हाल होऊ नयेत म्हणून त्याच्या वजनाच्या मानाने त्याला किती उंचीवरून सोडावं, याचं गणित त्याने पुढे १८६६ साली मांडलं. नागपूरचा दगड प्रमाणाचं मोल जाणणाऱ्याच्या हाती पडला होता म्हणायचा. हिस्लॉप मात्र त्याआधीच, सप्टेंबर १८६३ मध्ये, टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेला. १८८३ साली त्याच्या नावाचं कॉलेज सुरू झालं. आज नागपुरात हिस्लॉप म्हटलं की कॉलेज आठवतं, तिथले मित्र आठवतात, समोरचा चहा आठवतो. दगड आठवणारे काकाजी एकटेच.

काकाजींसोबत ऑटोने बर्डीवरून जाणं हा वेगळाच प्रकार आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसॉल्टची. तिथून पश्चिमेला दख्खनचा काळा लाव्हा. पूर्वेला त्याहून कितीतरी जुना पट्टिताश्म. आणि दोघांच्या मधल्या शिवेवर कुठे कुठे लमेटा थरांची पांढुरकी, वाळूमिश्रित चुनखडी डोकावते. सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी या भागात डायनासोर हिंडत होते, तेव्हाचे हे थर. वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला लमेटाच्याच थरांत त्यांची हाडंही दगड झालेली सापडतात आणि शेणही. २००५ साली त्या शेणात गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचं प्रसिद्ध झालं आणि डायनासोरांच्या काळी गवत नव्हतं हा जगाचा समज मोडला. विदर्भाने जगाला काय दिलं, असं कुणी विचारलं की काकाजी संत्र्याच्या आधी हे शेण सांगतात. ऑटोवाला भाड्याचे पैसे घेताना त्यांच्याकडे जरा जपून बघतो.

असो. पोटापाण्याच्या गोष्टींकडे येऊ. प्रमाणाचा पहिला धडा नागपूरकर पानठेल्यावर घेतो. रामटेकच्या बरई मंडळींचे पानमळे पूर्वापार प्रसिद्ध. तिथलं कपुरी पान नाजूक. ठेलेवाला ते पाण्यातून काढून झटकतो, देठ खुडतो, चुन्याच्या डब्यातली काडी डब्याच्या काठावर निथळून पानावर एकदा फिरवतो आणि लगेच कात लावतो. त्या काडीच्या निथळण्यात सगळी विद्या आहे. चुना कमी पडला तर पान रंगत नाही. जास्त झाला तर जिभेची साल निघते. गिऱ्हाइकाशी राजकारण बोलता बोलता, न बघता, हा माणूस दिवसभर अचूक चुना लावतो. ही विद्या कुठल्या फार्मसी कॉलेजात शिकवत असतील असं वाटत नाही.

त्याच ठेल्यावर खर्राही घोटला जातो. लाकडी फळीवर ताणलेल्या प्लास्टिकवर सुपारी, तंबाखू आणि चुना, आणि त्याच्यावर दोन्ही तळहातांचा जोर.

‘भाऊ, चुना कमी टाकजो.’

‘कमीच टाकून राहिलो ना.’

‘काल बी कमीच म्हणला होता. तोंड आलं ना बे!’

चुन्यामुळे सुपारीतले आणि तंबाखूतले अल्कलॉइड मोकळे होतात, म्हणून तर त्याची किक बसते. पुढे गालांच्या आतलं कातडं ताठरतं आणि तोंड उघडेनासं होतं. दातांचा डॉक्टर मग तोंडात तीन बोटं उभी मावतात का ते बघतो. काहींच्या तोंडात एकही मावत नाही. त्याच्याही पुढचं नाव घ्यायला घरचे घाबरतात. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, मागोमाग खर्राही त्या यादीत गेला. तरी ठेल्याशी उभं राहून ‘चुना कमी’ म्हणणारा प्रत्येक जण आपण पथ्य पाळतो आहोत अशा समजात असतो. चुन्याचं योग्य प्रमाण शून्य असतं, अशी ही एक जागा. आमच्याकडे ती सगळ्यात उशिरा कळते.

शून्य गाठायची हौस आम्ही भलत्याच ठिकाणी भागवतो. आमच्या ले-आउटला बोअरवेलचं पाणी. ते चुनखडीने इतकं जड, की गीझरची कॉइल दोन हिवाळ्यांत पांढरी होते आणि नळाच्या तोटीला दाढी येते. पण त्याची खरी कलाकारी कूलरमध्ये. पाण्यात विरघळून आलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट, पाणी उडून जायला लागलं की चुनखडी होऊन खाली बसतं. बस्तरमध्ये जगदलपूरजवळच्या कुटुमसर गुहेत अशीच क्रिया छतावरून थेंब थेंब होते आणि हजारो वर्षांत तिथे लवणस्तंभ लोंबतात. ते बघायला आम्ही गाडी करून जातो, तिकीट काढतो, ‘निसर्गाची किमया’ म्हणतो. तोच निसर्ग आमच्या कूलरच्या खसवर एका मे महिन्यात तीच किमया करून दाखवतो तेव्हा त्याला शिव्या देतो. जूनमध्ये ती कडक झालेली खस काढताना तिचे तुकडे पडतात. काकाजी त्यातला एखादा मागून नेतात. त्यांच्या शोकेसमध्ये त्याखाली चिठ्ठी आहे: ‘गोठणकाळ: एक उन्हाळा’.

या पाण्याला कंटाळून सगळ्यांनी घरी आरओ बसवला. आरओ गाळतो म्हणजे गाळतोच. पाण्यातला कॅल्शियमही बहुतेक सगळा काढून टाकतो. मग पन्नाशीच्या बायकांचे गुडघे कुरकुरतात, डॉक्टर गोळ्या लिहून देतात. आमच्या घरातल्या पाकिटावर छापलं आहे: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, म्हणजे कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. तेच चाळीस टक्के, हिशेब चोख. दिसायला गुलाबी, चवीला व्हॅनिला, आणि आत चुनखडी. गुडघ्याचं सगळं खापर काही पाण्यावर फोडता येणार नाही, पण जी वस्तू गाळायला हजारो रुपये मोजले तीच आम्ही दुधासोबत गिळतो, हे खरं. काकूंनी एक गोळी काकाजींना लिंबू पिळायला दिली. ती बोलली.

चुनखडीचं सरकारदरबारी वजन बघायचं तर डिसेंबरात यावं. १९५३च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं. त्याची चाहूल आम्हाला वर्तमानपत्राआधी झाडांवरून लागते. एका सकाळी सिव्हिल लाइन्सच्या झाडांना खाली गेरू, वर चुना असे पट्टे आलेले असतात. मग रस्त्याकडेचे दगड पांढरे होतात. मग दुभाजक. रंगवणाऱ्याच्या बादलीत चुना उरला असेल तर वाटेतला विजेचा खांब, पडलेला ओंडका, कुणी विसरलेली वीट, जे हलत नाही ते सगळं पांढरं होतं. आमच्याकडे उभं राहून गप्पा मारणाऱ्यांनी त्या आठवड्यात जरा हलत राहावं. पंधरवड्याने अधिवेशन संपतं, गाड्या मुंबईला जातात. विदर्भाच्या अनुशेषाचं काय झालं ते पुढच्या वर्षी कळेल, पण झाडाच्या बुंध्यांना तेवढा विकास पोचलेला असतो. पहिल्या पावसात तोही धुऊन जातो.

झाडाच्या बुंध्याला लावलेला चुना खरोखर उपयोगी पडतो तो काटोल-नरखेडकडे. तिथे माझ्या मामेभावाची संत्र्याची बाग आहे. पावसाळ्याच्या तोंडावर काकाजींना घेऊन गेलो, तेव्हा तो दोन प्लास्टिकच्या बादल्या मांडून बसला होता. एकीत पाच लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, निळंशार. दुसरीत पाच लिटरमध्ये एक किलो कळीचा चुना, गाळून थंड केलेला. दोन्ही मिळवून ढवळलं की आकाशी रंगाची दाटसर पेस्ट होते. तिला बोर्डो पेस्ट म्हणतात. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत बुंध्याला लावायची, म्हणजे डिंक्या रोग आवरतो. अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची शास्त्रज्ञ मंडळीही हेच सांगतात. मूळ शोध फ्रान्समधल्या बोर्डो भागातला, आणि तो लागला चोरांच्या कृपेने. वाटेवरच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खात, म्हणून मळेवाले त्यांच्यावर मोरचूद अन् चुना शिंपडत. विषारी दिसावं, एवढाच हेतू. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेली केवडा रोगापासून वाचल्या आहेत. त्याने १८८५ साली हे जाहीर केलं आणि द्राक्षचोरांचं जगभरच्या शेतीवर उपकाराचं ओझं झालं.

मामेभावाने ढवळणं थांबवलं आणि लोखंडी विळा पेस्टमध्ये बुडवून धरला. बाहेर काढून पुसला, उन्हात वळवून बघितला. पात्यावर तांबूस झाक होती. मोरचुदातलं मोकळं तांबं लोखंडावर बसलं होतं. म्हणजे चुना कमी. तसंच लावलं असतं तर साल पोळली असती. त्याने आणखी चुना घातला, पुन्हा विळा बुडवला. पातं या वेळी स्वच्छ निघालं.

‘आता बराबर झालं,’ तो म्हणाला. मग काकाजींना बांधाच्या पलीकडची ओळ दाखवली. तिथली झाडं खुरटलेली, पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. ‘तिथं खाली चुनखडी हाय, काकाजी. बुडाले चुना नाही लावला तं झाड मरते, अन् मुळाले चुना जास्त भेटला तं बी मरते. मंग मले सांगा, चुना चांगला का वाईट?’

काकाजींनी शास्त्र सांगितलं. जमिनीत मोकळा चुना जास्त झाला की ती विम्लधर्मी होते, लोह असूनही मुळांना घेता येत नाही आणि पानं पिवळी पडतात. मामेभावाने सगळं ऐकून घेतलं. विळा बुडवून बघणाऱ्या माणसाला ते नवीन नव्हतं. फक्त त्याच्याकडे ते पात्यावर लिहिलेलं होतं. मला एवढंच उमगलं की हा दगड चांगला की वाईट हे दगडाला विचारून कळत नाही. तो कुठे आहे आणि किती आहे, ते बघावं लागतं. आणि बघण्यासाठी प्रत्येकाने आपापला विळा ठेवलेला बरा.

‘किती’ची पर्वा आम्ही पूर्णपणे सोडली ती सिमेंटच्या बाबतीत. नागपूरच्या दक्षिणेला चंद्रपूर-यवतमाळकडे गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, मुकुटबन अशी सिमेंटची गावं आहेत, कारण तिथे पैनगंगेच्या खोऱ्यात जुन्या चुनखडीचे जाड थर आहेत. टनभर क्लिंकरला दीड टनाच्या आसपास चुनखडी लागते आणि भट्टी तापते १४५० अंशांपर्यंत. कायद्यालाही सिमेंट आणि चुन्यातला फरक कळत असे: हाच दगड सिमेंटला गेला तर प्रमुख खनिज आणि बांधकामाच्या चुन्याच्या भट्टीला गेला तर गौण, अशी कित्येक दशकं त्याची वर्गवारी होती. चुना भट्टीत सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवेतून जवळजवळ सगळा परत घेतो. काँक्रीटची वसुली मात्र अर्धवट आणि फार सावकाश. इकडे आम्ही रस्ते सिमेंटचे केले, अंगणं सिमेंटची केली, घराची स्लॅब तर होतीच. दिवसभर तापलेलं हे सगळं रात्री बाराला आपली उष्णता काढून देतं, ती नेमकी आमच्या पलंगावर. मग चैत्रात गच्चीवर काय मारायचं? चुना! एका चुनखडीने पेटवलेलं दुसऱ्या चुनखडीने विझवायचं, हा नागपूरचा दर उन्हाळ्याचा विधी.

यंदा पेंटरभाऊ आला तो लोखंडी ड्रम घेऊनच. ‘प्लास्टिकची बादली ठेवता का? बसून जाईन ना खाली,’ तो म्हणाला. ड्रममधल्या पाण्यात त्याने कळीच्या चुन्याचे दहा किलो खडे सोडले आणि आम्हा सगळ्यांना मागे सारलं, डोळे सांभाळा म्हणाला. आधी काहीच झालं नाही. मग एक खडा तडकला. मग सगळेच. पाणी खालून खदखदू लागलं, पांढरी वाफ उठली, विस्तवाचं नाव नसताना ड्रमला हात लावायची सोय राहिली नाही. काकाजी लांबूनच हिशेब करत होते: हा चुना शुद्ध धरला तर भट्टीत याच्यातून जवळजवळ आठ किलो कार्बन डायऑक्साइड गेला असणार, इंधनाचा धूर वेगळा, आता तुमची गच्ची तो हळूहळू परत घेणार. रात्रभर विरलेला चुना सकाळी जुन्या धोतरातून गाळला, त्यात फेविकॉल आणि चिमूटभर नीळ पडली, आणि कुंचा फिरू लागला. पहिला हात ओला असताना काहीच दिसत नव्हतं. सुकता सुकता गच्ची अशी पांढरी झाली की चष्म्याशिवाय वर उभं राहवेना. दुसऱ्या हातानंतर खालच्या खोलीतला पंखा प्रथमच वारा देतो आहे असं सगळ्यांचं एकमत झालं.

‘आता तिसराही मार,’ मी म्हटलं. चुना शिल्लक होता, माणूस हाताशी होता, आणि जे दोनदा करून बरं वाटलं ते तिसऱ्यांदा करून अधिकच बरं वाटणार, ही आमच्या गावची रीतच आहे.

पेंटरभाऊने कुंचा ड्रमच्या काठावर आडवा ठेवला. ‘नाही भाऊ. जाड झाला का पकडत नाही. पोपडे येतेत, मंग तुम्हीच म्हणान चुना खराब होता. दोनच बराबर.’

काकाजींनी त्याच्याकडे अशा आदराने पाहिलं, की तसं ते एरवी फक्त खडकांकडे पाहतात. मीही मान डोलावली आणि हिशेब विचारला. मजुरी मात्र त्याने तीन हातांची सांगितली.